शाहू मिलला काम द्या

प्रति,
मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

विषय : शाहू मिलच्या बंद शेड वापरात आणण्याबाबत

शाहू मिल २००३ साली बंद पडली. तेव्हापासून कोटीतीर्थाशेजारची ही सुमारे २७ एकरांची जागा निवडणुकीच्या तोंडावर हमखास आठवते. पाहणी दौरे झाले, आराखडे झाले, पडद्यावर फिरणारी रंगीत चित्रे झाली. राजर्षी शाहू महाराजांचे जागतिक दर्जाचे स्मारक इथे होणार हे इतक्यांदा ऐकून झाले आहे की आता त्या वाक्याला कुणी मान वर करून बघतही नाही. आपण या खुर्चीवर कधी बसलात आणि किती दिवस बसाल, याच्याशी या पत्राचा संबंध नाही. पत्र पालकमंत्रिपदाला लिहिले आहे; त्या पदावर आज जे असतील त्यांनी ते आपले समजावे.

माझे मागणे थोडे उलटे आहे. स्मारकाची वाट पाहू नका. जी मिल उभी आहे तीच, एकेक शेड करून, कामाला लावा. कुलूप लावून जपलेली वास्तू आधी छपरातून गळते, मग तिच्या भिंतीत पिंपळ रुजतो, मग कुणीतरी येऊन ती धोकादायक असल्याचा दाखला देतो आणि पाडायचा रस्ता मोकळा होतो. जुन्या इमारतीवर हातोडा पडतो तो अगदी शेवटी. त्याआधी बरीच वर्षे पन्हळीत साचलेला पालापाचोळा तेच काम करत असतो. माणसांची रोजची ये-जा असली की गळकी पन्हळ त्याच पावसाळ्यात कुणाच्या तरी डोळ्यांत येते. एवढे साधे कारण आहे.

शाहू महाराजांनी या मिलची पायाभरणी १९०६ मध्ये केली. स्वदेशीचे दिवस होते, आणि कापड मुंबई-सोलापुरातून किंवा थेट विलायतेतून यावे त्यापेक्षा ते इथेच विणले जावे, रयतेच्या हाताला घराजवळ काम मिळावे, असा तो विचार होता. आता त्याच राजाने केलेली बाकीची कामे डोळ्यांपुढे आणा. शाहूपुरीची पेठ अजून व्यापार करते. १९०१पासून निघत गेलेल्या वसतिगृहांत अजून खेड्यापाड्यांतली पोरे राहून शिकतात. खासबागेत अजून कुस्त्या होतात. पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५पासून २०२४च्या आगीपर्यंत नाटकांनी भरत होते. यातली एकही जागा नुसती बघायला बांधलेली नव्हती. ज्या माणसाचे सारे कर्तृत्व वापरातल्या वास्तूंमध्ये उभे आहे, त्याच्या एका बंद पडलेल्या वास्तूत आपण स्मारक करायला निघालो आहोत, आणि तेही ती बंदच ठेवून. महोदय, हा विनोद कोल्हापुरी माणसाच्या लक्षात येत नाही असे समजू नका.

पैसा नाही, म्हणून थांबलो आहोत, असे सांगितले जाते. राधानगरीचे धरण आठवा. १९०८-०९च्या सुमारास काम सुरू झाले, आणि महाराजांच्या हयातीत ते चाळीसेक फुटांवर येऊन थांबले. निधी संपला होता. पण तेवढ्या उंचीवरच्या भिंतीमागेही पाणी साठू लागले. धरण पुरे व्हायला पुढे कित्येक दशके गेली. संपूर्ण भिंत उभी राहीपर्यंत थेंबभर पाणी अडवायचे नाही असा हट्ट कुणी धरला नाही. आपल्या आराखड्यांचा मात्र नेमका तोच हट्ट आहे : सगळे पैसे एकदम, सगळी जागा एकदम, उद्‌घाटन एकदम.

एकदम होणाऱ्या स्मारकांचे काय होते तेही आपण पाहतो. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचे जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले. दादरला इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाचे भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झाले. दशक उलटले तरी तिथले काम चालूच राहिले. या थोरांविषयी किंवा स्मारकांविषयी मला काही म्हणायचे नाही. घोषणा आणि पहिला प्रेक्षक यांच्यामध्ये जी वर्षे जातात त्यांच्याविषयी म्हणायचे आहे. रिकाम्या जागेला ती वर्षे सोसतात. छपरे गळणाऱ्या शंभर वर्षांच्या शेडला सोसत नाहीत.

आणि लोकांचे काय म्हणणे आहे ते शोधायला कुठली समिती नेमायची गरज नाही. २०२२च्या एप्रिल-मेमध्ये राजर्षींच्या स्मृतिशताब्दीनिमित्त कृतज्ञता पर्व झाले, तेव्हा हेच फाटक उघडले होते. आवारात प्रदर्शने भरली, कार्यक्रम झाले, बायकापोरांसह लोक आले. त्यांत ज्यांच्या घरातले कुणी इथे साच्यावर किंवा सूतखात्यात होते असेही कितीतरी असणार. त्या दिवसांत जागतिक दर्जाचे काहीही तिथे नव्हते. मांडव होते, दिवे होते, स्वच्छ केलेले आवार होते. तेवढ्यावर मिल जिवंत झाली. पर्व संपले, मांडव उतरले आणि कुलूप परत लागले. मला विचाराल तर या मिलचा सर्वांत खरा आराखडा त्या काही दिवसांत लोकांनीच पायांनी आखून दिला होता; तो कागदावर उतरवून घ्यायचे तेवढे राहिले.

असे उतरवून घेतल्याचे एक उदाहरण फार दूरचे आहे, पण सांगतो. ब्राझीलमध्ये साओ पाउलो शहरात पोंपेया नावाच्या कामगारवस्तीत पिंपे बनवण्याचा एक जुना कारखाना बंद पडून होता. ‘सेस्क’ या तिथल्या संस्थेने तो घेतला, पाडून नवे केंद्र बांधायचे असा आधीचा बेत होता. लीना बो बार्दी या वास्तुविशारद बाई जागा बघायला गेल्या. तिथे त्यांना दिसले की सुट्टीच्या दिवशी आसपासची माणसे आधीच आत येऊन बसतात, पोरे चेंडू खेळतात, कुणी चुली मांडून रांधते. बाईंनी ठरवले, हे जे चालले आहे ते असेच चालू द्यायचे. विटांच्या शेड तशाच ठेवल्या, भिंतींवरचा गिलावा खरवडून काढला आणि आत वाचनालय, नाट्यगृह, हस्तकलांच्या कार्यशाळा, जेवणघर असे बसवले. शेडच्या मोकळ्या जमिनीतून पाण्याचा एक वळणदार प्रवाह काढला, आणि एका कोपऱ्यात शेकोटी. १९८२ साली ते खुले झाले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता, ज्यातून आपले गिरणगाव पुन्हा उठले नाही.

पण ब्राझीलला जायचे कारण नाही. आपल्याच भाऊसिंगजी रस्त्यावर जा. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या नव्या संकुलात गेल्यावर सीपीआर रुग्णालयासमोरची कोर्टाची जुनी दगडी इमारत रिकामी पडली होती. वकील मंडळी चार दशके खंडपीठासाठी भांडत होती. १ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचची अधिसूचना निघाली आणि १८ ऑगस्टला तिथे उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. त्या मधल्या दिवसांत दिवसरात्र काम करून सार्वजनिक बांधकाम खात्याने ती इमारत उभी केली म्हणजे काय केले? छप्पर, दारे-खिडक्या, वीज, रंग, फर्निचर. पाया दगडी होता, भिंती दगडी होत्या, दालने उंच आणि हवेशीर होती. ते सगळे पूर्वीच्या लोकांनी करून ठेवलेले होते. तारीख ठरलेली होती आणि ती इमारत कुणाला हवी आहे हे ठाऊक होते, म्हणून काम झाले. नवे संकुल बांधून मगच बेंच सुरू करू असे कुणी म्हटले असते तर वकील अजून आंदोलनातच असते. हे आपल्या खात्याला जमते, याचा पुरावा शहराच्या मध्यभागी उभा आहे.

दुसरे उदाहरण पुण्यातले असले तरी त्याचे मूळ इथलेच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पुढे कंपनी बंद झाली, स्टुडिओ रिकामा झाला. त्या जागेवर ‘संत तुकाराम’सारखा चित्रपट घडला होता, म्हणजे स्मारकाला लागणारी सगळी सामग्री हजर होती. सरकारने तिथे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट काढली. प्रभातच्या शूटिंग फ्लोअरवर तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी दिवे लावतात, सेट ठोकतात, चुकतात, परत करतात. प्रभातची याहून चांगली आठवण कुठल्या पुतळ्याने ठेवली असती असे मला वाटत नाही. उलट आपल्या जयप्रभा स्टुडिओचे बघा. नाव हेरिटेज यादीत, पण वापर नाही. शेवटी जागा विकली गेली आणि २०२२ मध्ये कलाकार-तंत्रज्ञांना उपोषणाला बसावे लागले. यादीत नाव घातल्याने पाडणाऱ्याचा हात थोडा अडतो. वास्तू चालवायला मात्र माणसे लागतात.

आता दुसरी बाजू. गिरणीचा ‘पुनर्वापर’ म्हटले की विकसकाचे कान टवकारतात हेही खरे आहे, आणि मुंबईने आपल्यासाठी ते सगळे आधीच भोगून ठेवले आहे. १९९१च्या नियमाने तिथे गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, बांधकामाखालची जमीन त्यात धरायची नाही, असे झाले. पर्यावरणवादी उच्च न्यायालयात जिंकले, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. मग गिरणगावात काय उभे राहिले ते आपण लोअर परळला मोटारीतून जाताना पाहिले असेल. फिनिक्स मिलची चिमणी राखली आहे, मॉलच्या मधोमध. चिमणी वाचली म्हणजे वारसा वाचला, हा समज तिथूनच सगळीकडे पसरला. चिमणीखाली ज्यांनी घाम गाळला त्यांना तिथल्या दुकानात शिरायचा धीर होत नसेल तर ती चिमणी म्हणजे दुकानाची पाटी झाली. मला हे कोल्हापुरात नको आहे.

आणि कमला मिल. तिथल्या जुन्या आवारात कचेऱ्या आल्या, उपाहारगृहे आली, गच्च्या झाकल्या गेल्या. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत चौदा माणसे गेली. आग आपणही पाहिली आहे. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्याच नावाचे नाट्यगृह डोळ्यांदेखत जळाले. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणारी माणसे या शहराने पाहिली. म्हणून जुनी वास्तू वापरात आणा असे म्हणताना त्याच श्वासात म्हणतो : आधी आगीची वाट बंद करा, मग दार उघडा. बाहेर पडायचे मार्ग, पाण्याची टाकी, नवे वायरिंग, बंब आत फिरेल एवढा रस्ता. गिरणीच्या आवारात हे करणे नाट्यगृहापेक्षा सोपे आहे, कारण शेड बहुधा बैठ्या असतात, दारे रुंद असतात आणि भोवती मोकळी जागा असते. सोपे आहे म्हणून ते आपोआप होईल, असे मात्र नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव फाटकावर लिहा. बरेच प्रश्न तिथेच सुटतील.

गिरणीची इमारत मुळातच पुनर्वापराला फार उदार असते, हे आपल्याला कुणी सांगितले आहे का? विणकामाच्या शेडचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचे तोंड उत्तरेकडे. आपल्याकडे सूर्य बहुतेक वर्षभर दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन आत येत नाही, पण उजेड भरपूर येतो, तोही सारखा, सावली न पाडणारा. साचेवाल्याला तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली ही सोय. आज त्याच उजेडात चित्रे काढता येतील, चामड्यावर नक्षी करता येईल, अभ्यास करता येईल, तेही दिवसा एक दिवा न लावता. खांबांमधले अंतर यंत्रांच्या मापाने ठेवलेले असते, म्हणून मधे भिंती नसतात. यंत्रांचा भार आणि त्यांची रात्रंदिवसाची थरथर सोसेल अशी जमीन केलेली असते, म्हणून पुस्तकांची कपाटे किंवा छोटी यंत्रे तिला जड नाहीत. असली दालने आज नव्याने बांधायला घेतली तर निविदेचा आकडा पाहूनच आपण फाइल परत पाठवाल.

काळजी एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे दुरुस्तीची. चुन्यात बांधलेल्या भिंतीत शिरलेला ओलावा सांध्यांतून हळूहळू बाहेर पडतो. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की तो आत कोंडतो, आतला चुना भुसभुशीत होतो आणि बाहेरून मात्र भिंत नवीकोरी दिसते. उद्‌घाटनाच्या दिवशी छान, पाच पावसाळ्यांनी पोपडे. आपल्या गावात किल्ल्यापासून देवळापर्यंत हे सगळीकडे झाले आहे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी अजून मिळतात, पण सर्वांत कमी दराच्या निविदेत ते कधीच बसत नाहीत. घाणीत मळलेल्या चुन्यात पूर्वी गूळ घालत, बेलफळ घालत. निदान गुळाची टंचाई तरी कोल्हापुरात पडायची नाही.

आत काय असावे, यावर माझे मत मागाल तर पहिली शेड मागांना द्या. इथून तासाभराच्या आत इचलकरंजी आहे, जिथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि जिथे आजही घराघरांतून खडखडाट ऐकू येतो. धोटा कसा धावतो, ताणा कसा भरतात, कांडी कशी बदलतात, हे काचेच्या पेटीतल्या मागावरून कळत नाही. चार माग चालू ठेवा, त्यावर विणलेले कापड तिथेच विका, आणि विणणाऱ्याला पगार द्या. ज्यांनी शाहू मिलमध्ये पाळ्या केल्या त्यातले धडधाकट असतील त्यांना शिकवायला बोलवा. मिल बंद झाली तेव्हा जो तिशीत होता तो आज पन्नाशी ओलांडून गेला; जो पन्नाशीत होता त्याच्याकडे फार वेळ नाही. त्यांच्या तोंडून ऐकायच्या गोष्टींसाठी आराखड्याची मंजुरी लागत नाही, एक ध्वनिमुद्रक आणि थोडी चिकाटी लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांची तोंडी कहाणी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी पुस्तकात आणली, म्हणून गिरणगाव पडल्यावरही ते वाचता तरी येते. कोल्हापूरच्या मिलवर तसे काम व्हायला हवे, आणि ते विद्यापीठाच्या पोरांना आजपासून देता येईल.

दुसरी शेड कोल्हापुरी चपलेची. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर आपल्या चपलेसारखीच चप्पल झळकली, देशभर आरडाओरडा झाला, २०१९मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची सगळ्यांना आठवण झाली. ज्यांच्या कातड्याच्या वासाने सगळे नाक मुरडतात त्या कारागिरांना शहराच्या मध्यभागी उजेडाची, पाण्याची, मानाची जागा मिळाली का, हे कुणी विचारले नाही. त्यांना ती इथे द्या. गिऱ्हाईक समोर बसून पायाचे माप देईल. पर्यटनवाल्यांना ज्याला ‘अनुभव’ म्हणायचे असते ते याहून वेगळे काही नसते.

तिसरी तालमींची. नाट्यगृह पुन्हा उभे राहील, राहायलाच हवे, पण नाटक रंगमंचावर शेवटच्या दिवशी येते. त्याआधी महिनाभर त्याला चार भिंती आणि एक पंखा लागतो. हौशी मंडळींना परवडेल अशा भाड्यात ही सोय या गावात अपुरी आहे. त्याच शेडच्या कडेला अभ्यासिका काढली तर स्पर्धा परीक्षांची पोरे सकाळी सहाला फाटकाशी रांग लावतील. भोंग्याच्या वेळेला पुन्हा माणसे आत जाताना दिसतील, हे मला त्या पोरांइतकेच आवडेल.

राहिलेल्या शेडचे आज ठरवू नका. खरेच नका ठरवू. दहा वर्षांनी या शहराला काय लागेल ते आपल्याला कळत नाही, आणि जी जागा पूर्ण ठरवून टाकतात ती दहा वर्षांत जुनी दिसू लागते. त्यांची फक्त छपरे बांधून घ्या, पिंपळ मुळासकट काढा, पन्हळी दर मे महिन्यात साफ करा.

पैशाचे म्हणाल तर काही शेड बाजारभावाने द्या. नव्या धंदेवाल्यांना, कचेऱ्यांना, चांगल्या खानावळीला. त्यातून बाकीच्यांचे दिवाबत्तीचे निघेल. पण विक्री नाही, नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा नाही, आणि एकाच ठेकेदाराला अख्खे आवार नाही. जमिनीची मालकी सरकारच्याच वस्त्रोद्योग महामंडळाची आहे, म्हणजे सरकारने सरकारशी बोलायचे आहे. एवढ्या एका बोलण्याला इतकी वर्षे लागावीत याचे कारण मला समजलेले नाही; आपल्याला समजले असेल तर जाहीर सांगावे. व्यवस्थापनाला एक छोटे विश्वस्त मंडळ पुरे आहे, ज्यात माजी कामगार असतील, कारागीर असतील, जतनाचे काम जाणणारा एखादा वास्तुविशारद असेल. नगरसेवकांनीही असावे. सगळ्यांनी असू नये.

आणि पार्किंग. हा शब्द आपल्या कानावर येणारच आहे, कारण अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या कुठे लावायच्या हा या शहराचा कायमचा प्रश्न आहे, आणि मोकळे आवार दिसले की आपल्या डोळ्यांना तिथे आधी पांढऱ्या पट्ट्या दिसतात. कडेला थोड्या गाड्या लावू द्यायला हरकत नाही. पण पार्किंगने सुरुवात करू नका. एकदा गाड्या आत आल्या की माणसांना आत जागा उरत नाही आणि गाड्यांना बाहेर काढणारा मंत्री अजून जन्माला यायचा आहे.

यावर आक्षेप येतील. राजर्षींच्या उंचीला साजेसे भव्य काही झालेच पाहिजे, असे मनापासून वाटणारी माणसे आहेत, आणि त्यांचा मी अवमान करत नाही. आवार मोठे आहे. पुढेमागे तेही होईल. पण क्रम उलटा करू नका. आधी माणसे आत येऊ द्यात. आलेली माणसे स्मारकाचे काय करायचे ते सांगतील, आणि कदाचित असेही म्हणतील की हेच पुरे आहे.

आपल्याकडे मागतो ते एवढेच. मिलच्या प्रत्येक इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या आणि ते लपवून न ठेवता फाटकावर लावा. या पावसाळ्याआधी सगळी छपरे झाकून घ्या. ताडपत्रीने झाकली तरी चालतील. महामंडळ, महापालिका आणि जिल्हा प्रशासन यांना एका टेबलाशी बसवून पहिल्या शेडची किल्ली कुणाकडे राहील ते लेखी ठरवा. येत्या २६ जूनला, राजर्षींच्या जयंतीला, ती एक शेड उघडा. कोणती उघडायची ते आपल्या अभियंत्यांना ठरवू द्यात. तारीख मात्र आपण जाहीर करा, आणि ती याच आठवड्यात करा.

आपला,
कोल्हापूरचा एक नागरिक